पडद्यावरचा हेर आणि सभेतला हेर



कळंब्याचे नाव जिल्ह्याबाहेर दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे : तलाव आणि मध्यवर्ती कारागृह. तुरुंगाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर बसून हेरपटांची चर्चा करणे काहींना चैनीचे वाटेल. ऊसदर आणि वीजबिले समोर असताना सिनेमा कशाला, ही जुन्या कार्यकर्त्यांची शंकाही रास्त आहे. परंतु सरकारच्या गुप्त यंत्रणेविषयी सामान्य माणसाचे मत कायद्याची पुस्तके वाचून बनत नाही. ते तिकीट काढून अंधारात बसल्यावर बनते.

कोल्हापूरला हे सांगण्याची गरज पडू नये. देवादिकांच्या आणि राजेमहाराजांच्या कथांवर चित्रपटगृहे भरत असताना याच शहरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपट्यांची कथा, आणि व्ही. शांताराम एका तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत. सावकाराने जमीन गिळल्यावर त्या शेतकऱ्याच्या मदतीला कोणताही देव धावून येत नाही. तो शहरातल्या गिरणीत मजूर होतो. प्रेक्षक ज्या चमत्काराला सरावला होता तो चमत्कारच काढून घेतल्यावर उरते ते वास्तव. ओळखीच्या कथेची काळी बाजू दाखवणे म्हणजे काय, याचा हा घरचा दाखला होय.

हेरकथेत असे फार थोड्या वेळा घडले. महाराष्ट्राच्या मनातला हेर म्हणजे बहिर्जी नाईक. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीशी त्याचे नाव जोडलेले आहे आणि सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्याची म्हणून समाधी दाखवतात. जुन्या साधनांतले त्याचे उल्लेख मात्र तुटपुंजे आहेत. वेषांतराच्या बहुतेक सुरस कथा मागाहून रचलेल्या. त्यात वावगे काही नाही. परंतु बहिर्जीविषयीचा आदर आजच्या गुप्तहेर खात्याच्या खात्यावर परस्पर जमा व्हावा, हे वावगे आहे. स्वराज्य उभारणाऱ्याचा हेर परसत्तेच्या गोटात शिरत होता. स्वतःच्याच नागरिकांच्या सभेत टिपणवही घेऊन बसणे हे निराळे काम आहे.

पडद्यावर हा फरक पुसला जातो. १९६२ साली ‘डॉ. नो’ आला आणि मारण्याचा परवाना खिशात बाळगणारा जेम्स बाँड जगाचा लाडका झाला. हिंदीत ‘फर्ज’ (१९६७), ‘आँखें’ (१९६८) येथपासून ‘एक था टायगर’ (२०१२), ‘पठाण’ (२०२३) येथपर्यंत त्याचे वारस आले. या नायकाला न्यायालय अडवत नाही, हिशेब तपासनीस अडवत नाही, आणि लोकसभेत त्याच्याविषयी प्रश्नही निघत नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवतो त्या नेमक्या याच मोकळीकीला.

बाँड जोरात असतानाच जॉन ल कारे या इंग्रज लेखकाने उलट टोकाची कादंबरी लिहिली. स्वतः हेरखात्यात काम केलेला हा माणूस. ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ ही त्याची कादंबरी १९६३ ची. मार्टिन रिट यांचा चित्रपट १९६५ चा, रिचर्ड बर्टन नायक. पूर्व जर्मनीतील एका क्रूर हेरप्रमुखाला संपवण्यासाठी आपल्याला पाठवले आहे, अशी या थकलेल्या ब्रिटिश हेराची समजूत असते. प्रत्यक्षात तो क्रूर माणूस लंडनचाच हस्तक निघतो आणि सारा डाव त्याला वाचवण्यासाठी मांडलेला असतो. बळी जातो तो त्याच्यावर संशय घेणारा कर्तव्यनिष्ठ अधिकारी.

या चित्रपटातली तरुणी येथील श्रोत्यांना विशेष जवळची वाटावी. ती एका लहानशा ग्रंथालयात काम करते आणि कम्युनिस्ट पक्षाच्या स्थानिक शाखेची साधी सभासद आहे. तिला आमंत्रण देऊन पूर्व जर्मनीत नेतात आणि खटल्यात साक्षीदार म्हणून उभी करतात. आपण कोणाच्या कामी येत आहोत, हे तिला उमजत नाही. एका बाजूचे हेरखाते तिचे प्रेम वापरते, दुसरी बाजू तिची पक्षनिष्ठा वापरते. शेवटी ती बर्लिनच्या भिंतीवर गोळी खाऊन मरते.

ही निव्वळ कादंबरीकाराची कल्पना आहे असे मानू नये. लंडनच्या पोलिसांनी १९६८ मध्ये एक गुप्त पथक उभारले आणि ते २००८ पर्यंत चालवले. त्यातील पोलीस खोटी नावे घेऊन बहुतांशी डाव्या संघटनांत शिरले, काहींनी कार्यकर्त्या स्त्रियांशी संसाराइतके जवळचे संबंध जोडले आणि एके दिवशी ते नाहीसे झाले. २०१५ मध्ये त्याची सार्वजनिक चौकशी नेमावी लागली.

तरुणांच्या खेळांतही ही काळी छटा आली आहे. भूमिका घेऊन खेळण्याच्या खेळांत सहसा वीर मंडळी मिळून राक्षस मारतात. अमेरिकेत १९८४ साली निघालेल्या ‘पॅरानोइया’ या खेळात मात्र राज्य एका संगणकाचे असते, खेळाडूंना देशद्रोही हुडकून ठार करण्याचा हुकूम असतो, आणि प्रत्येक खेळाडू त्या राज्याच्या व्याख्येनुसार स्वतःच देशद्रोही असतो. संघटनेत एकदा संशयाची कीड शिरली की काय होते, ते या खेळात हसतखेळत कळते.

आता घरचे पाहू. गुप्तवार्ता विभाग १८८७ पासूनचा, ‘रॉ’ १९६८ पासूनची. दोन्हींसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. नेताजी सुभाषचंद्रांच्या कुटुंबीयांवर स्वतंत्र भारताच्या सरकारने सुमारे वीस वर्षे पाळत ठेवली, हे २०१५ मध्ये उजेडात आले. २०२१ मध्ये पेगॅससचे प्रकरण निघाले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ दूरध्वनींपैकी ५ मध्ये घातक प्रणाली आढळली. ती पेगॅससच होती असे ठामपणे म्हणता आले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. सभेच्या कडेला उभा राहणारा साध्या वेशातला शिपाई तरी चेहऱ्याने ओळखू येतो. कार्यकर्ते त्याला चहाही पाजतात.

हिंदीत ‘राझी’ने (२०१८) हेरगिरीची किंमत एका मुलीच्या उद्ध्वस्त मनातून दाखवली, हे मान्य केले पाहिजे. परंतु सत्तेने झाकलेल्या गोष्टीचा शोध घेणारा नायक पाहायचा तर जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘सामना’ पाहावा. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला हा चित्रपट पश्चिम महाराष्ट्राला परका नाही. नीळू फुल्यांचा हिंदूराव साखरेच्या सत्तेवर बसलेला आहे, डॉ. लागूंचा मास्तर दारूत बुडालेला, फाटका. मास्तरापाशी पिस्तूल नाही, ओळखपत्र नाही. मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, एवढा एकच प्रश्न त्याच्यापाशी आहे आणि तो विचारायचे तो थांबत नाही.

तालुक्याच्या अभ्यासवर्गात रिट यांचा चित्रपट आणि ‘सामना’ लागोपाठच्या दोन संध्याकाळी दाखवावेत. चर्चा दुसऱ्या दिवशी घ्यावी आणि तिची सुरुवात त्या ग्रंथालयातल्या मुलीपासून करावी : तिच्या शाखेतल्या कोणी, ती परत का आली नाही, याची चौकशी केली असेल काय?