पानीचं पाणी करणारा कीबोर्ड

ज्यांना कानात इयरफोन घालून अर्धा तास बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय. फक्त "अं… म्हंजे…" काढलेत आणि मधे गेलेला ट्रॅक्टर काढलाय.

हा भाग मी आमगावला बसून रेकॉर्ड केला. गोंदियाहून डोंगरगडकडं जाणाऱ्या गाडीत बसलात तर वाटेत लागतं ते आमगाव. इथून जवळच पदमपूर आहे. शाळेत आम्हाला सांगायचे, भवभूती इथला. आम्ही मान डोलवायचो आणि विसरून जायचो. आमगावच्या कॉलेजला भवभूतीचं नाव आहे, तेवढीच आमची त्याच्याशी ओळख.

आता मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, की हे "इथला" कशावरून ठरलं. आठव्या शतकातला हा नाटककार. त्यानं आपल्या नाटकाच्या सुरुवातीला, म्हंजे सूत्रधार येऊन बोलतो त्या भागात, स्वतःच्या घराची माहिती देऊन ठेवलीय. गाव पद्मपूर, विदर्भातलं. बापाचं नाव नीलकंठ, आईचं जतुकर्णी, आज्याचं भट्टगोपाल. आणि पाच पिढ्यांमागचा एक पूर्वज, ज्याला तो महाकवी म्हणतो. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या ओळी आणि जुने ताम्रपट यांचा मेळ घालून मांडलं, की ते पद्मपूर म्हंजे आपलं आमगावजवळचं पदमपूर.

मला त्यात अडकायला झालं ते त्या महाकवीपाशी. बघा ना, पाच पिढ्यांमागं घरात एक कवी होता. त्यानं काय लिहिलं? एक ओळ नाही. मधल्या पिढ्यांत कोणी लिहायचं का? माहीत नाही. एक अख्खं लिहिणारं घर, आणि हातात उरल्या त्या नातवाच्या नातवानं जाता जाता सांगितलेल्या चार-दोन ओळी.

हे डोक्यात असतानाच मला दुसरं एक घर सापडलं. ते आपल्याकडचं नाही, पण आजचा विषय तिथूनच निघतो, म्हणून जरा दम धरा.

इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये हॉवर्थ नावाचं गाव आहे. डोंगराळ, वाऱ्याचं. तिथल्या पाद्रीबाबांचं आडनाव ब्राँटे. सहा लेकरं. बायको १८२१ मध्ये गेली, मोठ्या दोन मुली १८२५ मध्ये गेल्या. उरले चौघं. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. १८२६ मध्ये बापानं पोराला लाकडी शिपायांचा डबा आणून दिला. त्या शिपायांवरून चौघांनी आख्खी राज्यं रचली, त्यांच्या लढाया, त्यांची वर्तमानपत्रं. एमिली आणि ॲनच्या बेटाचं नाव होतं गोंडल. (आपल्या इकडच्या माणसाचे कान लगेच टवकारतात, पण गोंडांशी त्याचा काही संबंध नाही. मीही आधी तपासलंच!) शिपाई बोटाएवढे, म्हणून त्यांची पुस्तकंही तेवढीच. काडेपेटीच्या आकाराची. शार्लटनं चौदाव्या वर्षी, १८३० मध्ये केलेलं असं एक पुस्तक २०१९ साली पॅरिसच्या लिलावात आलं. हॉवर्थच्या म्युझियमनं ते सहा लाख युरोला घेतलं. त्यासाठी हजारावर लोकांनी आपापल्या खिशातून पैसे दिले.

पुढं १८४७ या एकाच वर्षी तिघी बहिणींच्या कादंबऱ्या आल्या. जेन एअर, वुदरिंग हाइट्स, ॲग्नेस ग्रे. आणि मग दीड वर्षही झालं नाही तोवर ब्रॅनवेल, एमिली, ॲन तिघंही गेले. शार्लट १८५५ मध्ये. म्हातारा बाप सगळ्यांच्या मागं १८६१ पर्यंत जगला.

तर या एका घरासाठी १८९३ मध्ये वाचकांनी एक संस्था काढली, ब्राँटे सोसायटी. दोन वर्षांनी तिचं नियतकालिक सुरू झालं, ट्रान्झॅक्शन्स. २००२ पासून त्याचं नाव ब्राँटे स्टडीज. १८९५ ते आज. हिशोब करा, एका पाद्र्याच्या घरातल्या चार पोरांवर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ अंक निघतायत.

मी मित्राला हे सांगितलं तर तो म्हणे, "इतकं लिहायला उरतं तरी काय बे?"

मलाही तेच वाटलं होतं. आपल्याकडं लेखक गेला की एक विशेषांक, शताब्दीला एक स्मरणिका, हारतुरे, विषय संपला. स्मरणिकेत सगळे आठवणी सांगतात आणि सगळ्या आठवणी गोड असतात. अभ्यासाच्या नियतकालिकाचं काम वेगळं. तिथं कोणी म्हणतो, हे पत्र या तारखेचं नाही. दुसरा कागद दाखवून सांगतो, आहे. लेख छापायच्या आधी दुसरे जाणकार तपासतात. पुढच्या अंकात कोणी तो खोडूनही काढतो. थोडक्यात, न संपणारं भांडण, पण कागद समोर ठेवून.

आणि कागद म्हंजे कसे बघा. शार्लटनं ब्रसेल्समधल्या आपल्या शिक्षकाला जीव ओतून लिहिलेली चार पत्रं आहेत. त्यातली काही फाडून टाकली होती. मग कुणीतरी, बहुतेक त्या शिक्षकाच्या बायकोनं, तुकडे जुळवून सुईदोऱ्यानं शिवून ठेवली. १९१३ मध्ये ती लोकांसमोर आली. तोपर्यंत शार्लटच्या चरित्रात ती भानगड झाकलेलीच होती.

१८९५ मध्येच, म्हंजे नियतकालिकाचा पहिला अंक निघाला त्याच वर्षी, शार्लटच्या म्हाताऱ्या नवऱ्याकडून घरातल्या वह्यांचं बाड विकत घेतलं गेलं. ते थॉमस वाइज नावाच्या संग्राहकाकडं पोचलं. त्यानं पानं सुटी केली, बांधली, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकली. भाऊ ब्रॅनवेलच्या नावाला भाव नव्हता, बहिणींच्या नावाला होता. मग भावाच्या हातचं काही लिखाण बहिणींच्या नावावर गेलं. लहानपणी चौघंही मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचे, तेव्हा कुठलं कोणाचं हे ओळखणंही सोपं नाही. ती पानं परत जुळवायची, कोणतं कोणाचं ते ठरवायचं, यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. इतकं करूनही एमिली आणि ॲननं गोंडलच्या गद्य गोष्टी लिहिल्या होत्या त्या गेल्या त्या गेल्याच. कविता तेवढ्या उरल्या.

पण मला जे लागलं, अगदी इथं लागलं, ते वेगळंच.

वुदरिंग हाइट्समध्ये जोसेफ नावाचा म्हातारा नोकर आहे. एमिलीनं त्याला ठेठ यॉर्कशायरच्या बोलीत बोलायला लावलंय. एमिली गेल्यावर १८५० मध्ये शार्लटनं बहिणीच्या कादंबरीची नवी आवृत्ती काढली. आणि तिनं जोसेफची बोली सोपी करून टाकली, का, तर दक्षिणेकडच्या वाचकांना कळणार नाही. एमिलीच्या कवितांतही तिनं हात घातला. शब्द बदलले, कुठं ओळी स्वतःच्या टाकल्या. वाईट मनानं नाही. बहिणीचं नाव व्हावं म्हणून. एमिलीला विचारायची सोय नव्हती. आज बहुतेक आवृत्त्या १८४७ च्या मूळ छापील प्रतीवर जातात, जोसेफ परत आपल्या बोलीत बोलतो. ती प्रत शिल्लक होती म्हणून.

आता माझ्या घरचं सांगतो.

माझा आजा दंडार लिहायचा. जे पुण्या-मुंबईहून ऐकतायत त्यांच्यासाठी: दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, आणि मंडईला रात्रभर दंडार होते. संवाद, गाणी, नाच, बायांची कामं गडीच करायचे. आज्याच्या तीन वह्या होत्या. लाल कापडात बांधलेल्या, आड्याला टांगलेल्या, म्हंजे उधई लागू नये. आजा गेला. २०१९ च्या उन्हाळ्यात मी कॉलेजला होतो, नवा फोन घेतला होता, आणि ठरवलं, आज्याची दंडार टाइप करायची. एक महिना लावला. सगळ्यांनी शाबासकी दिली.

झाडीबोलीत ण आणि ळ जवळपास नाहीतच. पाण्याला आम्ही पानी म्हणतो, डोळ्याला डोरा. आज्यानं वहीत तसंच लिहिलं होतं. मी पानी टाइप केलं की कीबोर्ड पाणी करायचा. आधी मी दोन-तीनदा मागं जाऊन दुरुस्त केलं. मग कंटाळलो. आणि खरं सांगू? फक्त कंटाळा नव्हता. मला ते पाणी जास्त बरं दिसत होतं. शिकलेलं दिसत होतं. वाटलं, उद्या कोणी वाचलं तर आज्याला अडाणी समजू नये. मग मी आपणहूनच डोऱ्याचा डोळा केला. वाक्यंही सरळ केली.

पुढच्या वर्षी घरकुल मंजूर झालं, जुनं मातीचं घर पाडायचं होतं. बाबांनी विचारलं, या वह्यांचं काय करायचं. मीच म्हटलं, टाइप झालंय सगळं, राहू द्या.

राहू द्या म्हंजे काय, ते तुम्हाला कळलंच असेल. पावसाळ्यानंतर त्या लाल कापडात लगदा होता.

दोन वर्षांनी मंडईत आज्याच्या दंडारीत काम केलेले एक म्हातारे भेटले. मी मोठ्या हौसेनं फोन काढून वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, चहा संपवला, आणि म्हणाले, "चांगला आहे बाबू. पण हे तुज्या आज्याचं नाही."

मी म्हटलं, त्याचंच आहे, वहीतून घेतलंय. ते म्हणाले, तो असा बोलतच नव्हता. मग त्यांनी त्यातलाच एक संवाद म्हणून दाखवला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाठ केलेला. काय सांगू तुम्हाला, माझ्या टाइप केलेल्या वाक्यात ढोलकीचा ठेका बसतच नव्हता. त्यांच्या म्हणण्यात तो आपोआप पडत होता. मी शब्द दुरुस्त करताना ताल मोडला होता, आणि मला ते दिसलंही नव्हतं.

म्हणून शार्लटचं वाचलं तेव्हा मला तिचा राग आला नाही. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. फरक एवढाच, की तिनं बदललं तरी मागं छापील प्रत होती.

झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या माणसांनी आयुष्य घातलंय, शब्द गोळा केलेत, दंडारीवर लिहिलंय. त्यामुळं बोली गेली असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी शब्द गोळा करायचे आणि आपण घरी बसून वह्या "शुद्ध" करायच्या, हे कसं चालेल?

आपल्याकडं घरातल्यांनी नीट जपलेलं उदाहरणही आहे. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे, नागपूरचं जोडपं. दोघंही मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, अनिल १९५८ ला मालवणला, कुसुमावती १९६१ ला ग्वाल्हेरला. अध्यक्ष होणाऱ्या त्या पहिल्या बाई. लग्नाआधीची त्यांची पत्रं दोघांनी सांभाळली आणि १९७२ मध्ये "कुसुमानिल" नावानं ती पुस्तक म्हणून आली. तोवर कुसुमावतींना जाऊन अकरा वर्षं झाली होती. शिकलेलं, नावाजलेलं घर होतं, तिथं कागदाला किंमत असते हे माहीत होतं. आड्याला टांगलेल्या वहीला ती किंमत कोण देणार, हा प्रश्न आहे.

आता जे उरलंय ते सांगतो. टाइप करताना अडलेल्या पानांचे फोटो मी चुलतभावाला व्हॉट्सॲपवर पाठवले होते, "हा शब्द लागतो का बघ" म्हणून. अकरा फोटो. त्याच्या जुन्या फोनमध्ये सापडले. व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेले, एक तर निम्मा बोटाखाली. पण आहेत.

ते मोठे करून बघताना एक गोष्ट दिसली, जी टाइप करताना महिनाभर समोर असून दिसली नव्हती. संवाद एका अक्षरात आहेत आणि गाणी दुसऱ्या. आज्याचं अक्षर उजवीकडं कललेलं. गाण्यांचं उभं, गोल, प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ.

बाबा म्हणतात, आज्यानं सांगितलं असेल, दुसऱ्यानं लिहून घेतलं असेल. मंडईतले म्हातारे म्हणतात, गाणी चुलत आज्याची. आणि देवरीची आत्या फोनवर हसली. म्हणाली, तुझी आजी चौथी शिकली होती, हे कोणी सांगितलं नाही का तुला? दळताना तीच तर म्हणायची ती गाणी. आम्हाला वाटायचं, दंडारीतली ऐकून म्हणते.

म्हंजे उलटंही असू शकतं ना?

मला माहीत नाही. तीन माणसं, तीन उत्तरं. गावात सगळीकडं दंडार आज्याच्या नावानं ओळखली जाते, माझ्या टाइप केलेल्या फाइलवरही मी एकट्या आज्याचंच नाव टाकलं होतं. ब्रॅनवेलचं बहिणींच्या नावावर गेलं, तसं इथं कोणाचं कोणाच्या नावावर गेलंय, ते ठरायचंय.

आत्याकडं आजीनं तिला सासरी पाठवलेलं एक पत्र आहे. ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत. ती ते टपालानं पाठवायला तयार नाही आणि फोटो तिला काढता येत नाही. म्हणून रविवारी मी सकाळच्या बसनं देवरीला जातोय. फोनमध्ये स्कॅन करायचं ॲप टाकलंय, ते अकरा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत, आणि हो, कीबोर्डचं ते आपोआप सुधारणं बंद केलंय. पत्रातलं अक्षर उभं आणि गोल निघालं, तर पुढच्या भागात आत्याचा आवाज ऐकवतो.