आनुवंशिक हृदयस्नायुविकार : ओळख आणि निगा
(पालकसभेतील भाषण)



कोलकात्याच्या सियालदह स्थानकाजवळ नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयाचे आवार आहे. १८७३ मध्ये सियालदह मेडिकल स्कूल म्हणून आरंभ झालेली ही संस्था पुढे कॅम्पबेल मेडिकल स्कूल या नावाने ओळखली गेली. तेथील रुग्णालयाच्या एका लहानशा खोलीत, कंदिलाच्या उजेडात काम करून डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी काळा आजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध सिद्ध केले. उपचाराविना प्राण घेणारा तो रोग आटोक्यात आला. एका घरात एकापाठोपाठ मृत्यू झाले की दैवाला दोष देणे माणसाला सोपे वाटते. कारण शोधणे कठीण असते. कठीण वाट धरणाऱ्यांमुळेच पुढच्या पिढ्या वाचतात.

आजचा विषय असाच घराघरांत दडलेला आहे. काळा आजार वाळूमाशीच्या दंशाने बाहेरून येतो. हा विकार मात्र रक्ताच्या नात्यातून येतो. त्याचे वैद्यकीय नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाचा स्नायू, विशेषतः डाव्या व उजव्या जवनिकांमधील पडदा, अकारण जाड होतो. निरोगी प्रौढाच्या हृदयाची ही भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते. ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक जाड झाली की या विकाराचा संशय बळावतो. काहींमध्ये जाड पडदा रक्ताच्या बाहेर पडण्याच्या वाटेत येतो. स्नायूंच्या तंतूंची रचना विस्कळीत झाल्याने हृदयाचा ठेका एकाएकी बिघडण्याचाही धोका असतो. सुमारे ५०० माणसांमागे एकाला हा विकार असतो, असे मानले जाते.

कोलकात्यासारख्या फुटबॉलवेड्या नगरीला २६ जून २००३ ची घटना सहज आठवेल. फ्रान्समधील ल्यों येथे कामेरूनचा २८ वर्षांचा खेळाडू मार्क-विव्हियन फो सामना चालू असताना कोसळला आणि गेला. शवविच्छेदनात हाच हृदयविकार आढळला. बाहेरून धडधाकट दिसणारे शरीर आतून धडधाकट असतेच असे नाही.

बाधित आई वा बाप यांच्याकडून प्रत्येक अपत्याला सदोष जनुक मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा असो वा मुलगी. म्हणून ‘सुनेचा पायगुण’ किंवा ‘आईकडचे दुखणे’ असा ठपका ठेवणे अज्ञानाचे आणि अन्यायाचे आहे. आपल्या देशाशी निगडित एक शोधही ध्यानात घ्यावा. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. कुमारसामी थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरे गळून पडल्याचा दोष भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो आणि त्यामुळे हृदय दुर्बल होण्याचा धोका वाढतो. मात्र असा दोष असलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही. अनेकांत त्याचे परिणाम उतारवयात दिसतात.

मग करावे काय? धावताना आलेली भोवळ, छातीत दुखणे, अवाजवी धाप, धडधड यांकडे ‘उपाशीपोटी आला असेल’ म्हणून काणाडोळा करू नये. मैदानावर बेशुद्ध पडलेल्या मुलाला ढोंगी ठरवण्याआधी ईसीजी आणि इकोकार्डिओग्राम करून घ्यावा. घरात कोणी तरुणपणी अकस्मात गेले असेल, तर ती हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. एकाला विकार निघाला की आईवडील, भावंडे व मुले यांची तपासणी व्हावी. मुलांची दर एक ते तीन वर्षांनी, प्रौढांची दर तीन ते पाच वर्षांनी. आज निर्दोष आलेला अहवाल कायमचा नसतो. किशोरवयात स्नायू जाड होऊ लागतो.

निदान म्हणजे मृत्युपत्र नव्हे. बहुसंख्य रुग्ण संसार, नोकरी, शिक्षण सारे करतात. ठेका मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधे अनेकांना पुरतात. गरज पडल्यास जाड पडद्याचा काही भाग शस्त्रक्रियेने काढता येतो. धोका अधिक असल्यास आयसीडी हे यंत्र छातीत बसवतात. भरपूर पाणी प्यावे, औषध मनाने बंद करू नये. जीवघेणी चढाओढ टाळावी. पण सौम्य व्यायामावर सरसकट बंदी नसते. किती खेळायचे हे हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवावे, भीतीने नव्हे.

कोणी कोसळले, हाकेला ओ देत नसेल आणि श्वासही नीट नसेल, तर ११२ क्रमांकावर कळवावे आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्यावा : मिनिटाला १०० ते १२०, प्रौढाच्या छातीत पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. क्रीडाशिक्षकांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाला हे आले पाहिजे.

लग्न जमणार नाही या धास्तीने पुष्कळ घरे हे दुखणे झाकून ठेवतात. झाकलेले दुखणे धाकट्या भावंडाच्या जिवावर बेतू शकते. आडनाव, भाषा, संस्कार आपण पुढच्या पिढीला अभिमानाने देतो. घराण्याच्या आरोग्याची खरी हकीकतही तितक्याच मोकळेपणाने द्यावी. मुलांना त्या वारशाचीही गरज आहे.