धार मारल्याशिवाय काम पुरे नाही
(हातकणंगले येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



मी कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातला माणूस. तुमच्या तालुक्यात ऊस पाहिला, हुपरीचे चांदीचे कारागीरही पाहिले. पैंजणाची कड पायाला लागू नये, लुगड्यात अडकू नये म्हणून ते ती घासून गुळगुळीत करतात. ते पाहिले आणि मला घरची ज्वारीची कोठी आठवली.

ती कोठी मी जुन्या पत्र्याची केली. छन्नीने तोंड कापले, झाकण बसवले, काम झाले म्हटले. ऐन वेचणीत बायकोने ज्वारी काढायला हात घातला आणि तळवा फाटला. आठ दिवस तिची वेचणी बंद. मजूर लावावे लागले. आपल्या कष्टाची किंमत कोणी धरत नाही, अशी आपली तक्रार. मग तिच्या हाताची किंमत कोठीच्या खर्चात मी तरी कुठे धरली होती?

पत्रा कापणारा त्याला एकदा हात लावतो. घरची बाई रोज लावते, पोर खेळता खेळता लावते, बैल गव्हाणीत तोंड घालतो. म्हणून धार मारायची ती त्यांच्यासाठी.

छन्नीने कड दातेरी होते. पत्रा कापायची कात्री वापरा. हातात चामड्याचे मोजे घाला. कापलेल्या कडेवर बारीक कंगोरा उभा राहतो, बोट कापतो तो हाच. कानस तिरकी धरून दोन्ही अंगांनी तो काढा. बोट फिरवून पाहू नका. कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर अजून घासा.

पण 24 गेजचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. कितीही घासला तरी कड बारीकच. म्हणून ती परकराच्या नेफ्यासारखी दुमडा. आधी कोपरे रुपया ठेवून गोल कापा. मग 8 मिलिमीटरची पट्टी आखा, लाकडावर धरून बाहेरच्या बाजूला वाकवा, ठोकून सपाट बसवा. धार दडते, काठही ताठ होतो. आत तार भरली तर बादलीसारखा गोल काठ मिळतो.

छपराचा पत्रा डोक्याच्या उंचीवर असेल तर ठिबकची टाकाऊ नळी किंवा सायकलची ट्यूब उभी चिरून कडेवर चढवा, तारेने बांधा, तारेची टोके आत वळवा. उन्हाने ती तडकते; दर पावसाळ्याआधी पाहा. गव्हाणीला मात्र ती नको, जनावर चघळते. तिथे कड दुमडाच.

एवढे करूनही कापलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा. हळद, चुना, माती भरू नका. धनुर्वात गंजाने होतो असे आपण म्हणतो. त्याचे जंतू खरे तर मातीत आणि शेणात असतात, आणि आपला पत्रा तिथेच वावरतो. शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील किंवा आठवत नसेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

आज घरी गेल्यावर कापसाचा एक बोळा घ्या. कोठी, गव्हाण, छप्पर, सगळ्यांच्या कडेवरून फिरवा. जिथे अडकेल तिथले काम अजून बाकी आहे असे समजा.