बाळाचा श्वास मोजा



कोकणात पाऊस लागला की घरोघरी मुलं शिंकू-खोकू लागतात. बहुतेकांची सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठवडाभरात आपोआप बरी होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, काही उपयोग नसतो. पण त्याच खोकल्यातून एखाद्या बाळाला न्यूमोनिया होतो, आणि तिथे हेच औषध मिळायला उशीर झाला तर बाळ दगावू शकतं. मग दोन्हींतला फरक ओळखायचा कसा?

याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात वापरून पाहिलं गेलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९८८-८९ मध्ये ५८ गावांत एक प्रयोग केला. तिथले आरोग्यसेवक आणि सुइणी बाळाचे श्वास मोजायला शिकल्या. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. श्वास जलद असेल तर को-ट्रायमॉक्साझोल हे स्वस्त औषध गावातच द्यायचं.

असे उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाहूनही कमी राहिलं. तुलनेसाठी घेतलेल्या ४४ गावांत ते शेकडा साडेतेरा होतं. १९९० मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. आज पहिली पसंती अमॉक्सिसिलिनला आहे. मोजायची रीत मात्र तीच आहे, आणि ती कोणत्याही आईला, आजीला जमेल.

बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे असं समजा आणि त्याच दिवशी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, झटके येत असतील, ग्लानीत असेल, तर आकडा मोजत बसू नका. सरळ रुग्णालय गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर जराही थांबू नये.

आणखी दोन गोष्टी. मागच्या आजारपणातली उरलेली बाटली सर्दीसाठी काढू नका; अशानंच जंतू औषधाला सरावतात. आणि डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील, तर तिसऱ्या दिवशी बाळ खेळायला लागलं तरी पाचही दिवस औषध द्या. न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. तीही चुकवू नका.

औषध काही रुपयांचं आहे. ते वेळेवर मिळायचं तर घरात कुणीतरी एक मिनिट बाळाच्या पोटाकडे बघत बसायला हवं.