कोड



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कोड लिहिते. पण आज दुसऱ्या कोडाबद्दल बोलणार आहे. आठ वर्षांपूर्वी माझ्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली, एक पांढरा ठिपका दिसला. वर्षभरात दोन्ही हातांवर डाग आले. ते तुम्ही सकाळपासून पाहताच आहात.

तेव्हा मला सगळ्यात आधी आठवली ती आपल्या वर्गातली एक मैत्रीण. तिच्या ओठांवर आणि बोटांवर कोड होतं. सातवीत आपली सहल वीर धरणावर गेली होती. तिनं डबा माझ्यापुढे केला. मी म्हणाले, "नको, आई रागवेल." आईनं तसं कधीच सांगितलं नव्हतं. तिनं डबा मिटला आणि पुन्हा कधी पुढे केला नाही.

दूध आणि मासे एकत्र खाल्ले की कोड येतं, असं आपण ऐकत आलो. आपलं गाव नीरेकाठचं. तसं असतं तर निम्मं शिरवळ पांढरं झालं असतं! कोड हा कुष्ठरोग नव्हे. तो स्पर्शानं, उष्ट्यानं पसरत नाही.

मग होतं काय? त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशी या आपल्याच पेशींना शत्रू समजतात आणि 'इंटरफेरॉन-गॅमा' हे प्रथिन सोडतात. हा एक निरोप असतो. तो मिळाला की आजूबाजूच्या त्वचापेशी आणखी टी पेशींना बोलावून घेतात. त्या आल्या की पुन्हा तोच निरोप सोडतात. आमच्या भाषेत सांगायचं तर थांबायची अट लिहायला विसरलेलं लूप.

या निरोपावर आपल्या देशातही मोलाचं काम झालं आहे. डॉ. राजेश गोखले आधी क्षयाच्या जंतूंवरच्या संशोधनासाठी ओळखले जात. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत त्यांनी आणि डॉ. विवेक नटराजन यांच्यासह सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की इंटरफेरॉन-गॅमामुळे मेलॅनोसाइटमधल्या रंगाच्या पिशव्या अर्धवटच राहतात, पक्व होत नाहीत. म्हणजे पेशी जिवंत असतानाही रंग अडतो. डॉ. गोखले २०२१ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले.

निरोपाची वाट कळली, की ती अडवताही येते. पेशीच्या आत हा निरोप 'जॅक' नावाची प्रथिनं पुढे नेतात. त्यांना रोखणाऱ्या रुक्सोलिटिनिब मलमाला २०२२ मध्ये अमेरिकेत कोडासाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचा तीन चतुर्थांश गेलेला रंग २४ आठवड्यांत परतला. हा जादूचा उपाय नाही. काही टी पेशी त्वचेत दबा धरून बसतात. उपचार थांबले की बऱ्याचदा त्याच जागी डाग पुन्हा येतो.

माझ्यावर प्रकाशोपचार झाले. दंडावर केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उगवले, कारण नव्या रंगपेशी बहुतेक तिथूनच येतात. बोटांच्या टोकांना केस नसतात, म्हणून ती पांढरीच राहिली. त्याचं मला आता फारसं वाटत नाही. वाटलं ते मीटिंगमध्ये हात टेबलाखाली घेतले तेव्हा. शाळेत ती असेच हात दप्तराखाली ठेवायची.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता असोसिएशन' कोड असलेल्यांसाठी काम करते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपटही याच विषयावर आहे. घरच्यांसोबत जरूर पाहा. आणि कुणाच्या अंगावर नवा डाग दिसला, तर पथ्यं सांगत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. लवकर गेलं तर उपचारांना यश जास्त येतं.

या मेळाव्याच्या ग्रुपवरून मला तिचा नंबर मिळाला. मी फोन करून माफी मागितली. ती हसली, "अगं, मला आठवतसुद्धा नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "गूळपोळी होती त्या दिवशी."

आज ती आली आहे. तिला विचारूनच हे सगळं सांगितलं. आता जेवणाची सुट्टी होईल, तेव्हा मी तिच्याच शेजारी बसणार आहे.