दुडकी चाल आणि घोड्यांच्या जाती

(वसई तालुक्यातील शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेले भाषण)



पशुसंवर्धन म्हटले की गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकता. आज मी घोड्याविषयी, आणि त्यातही त्याच्या एकाच चालीविषयी, म्हणजे दुडकीविषयी बोलणार आहे. हा विषय या भागाला परका नाही. विरारहून आगाशी-अर्नाळ्याकडे आणि वसई रोड स्थानकावरून वसई गावाकडे कित्येक वर्षे टांगे चालत असत. आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या कानांत त्या टापांचा ठेका अजूनही असेल.

लहानपणीचा एक प्रसंग सांगतो. अर्नाळ्याहून विरारला येताना उशीर झाला होता. गाडी चुकणार असे दिसू लागले, तेव्हा वडील टांगेवाल्याला म्हणाले, “मामा, जरा घोडा पळवा.” त्याने लगामही हलविला नाही. तो एवढेच म्हणाला, “मास्तर, गाडी मागून दुसरी येईल. माझ्याकडं घोडा एकच आहे.” आमची गाडी चुकली. आपल्याकडचे घोडेच मंद जातीचे, अशी माझी समजूत त्या दिवशी झाली. ती चुकीची होती, हे कळण्यास मला बरीच वर्षे लागली.

दुडकी म्हणजे काय?

घोड्याच्या चाली अनेक आहेत. साध्या चालीने तो ताशी सुमारे ६ किलोमीटर जातो. चौखूर उधळला तर हा वेग ताशी ४० किलोमीटरच्याही पुढे जातो. या दोहोंमधील चाल ती दुडकी. तीत पुढचा उजवा व मागचा डावा असे तिरपे पाय एकाच वेळी उचलले जातात आणि नंतर दुसरी जोडी पडते. म्हणून टापांचे दोनच ठोके ऐकू येतात. शरीर फारसे हेलकावत नाही, दांड्यांना हिसके बसत नाहीत आणि गाडी समतोल राहते. वाहनाला जोडलेल्या घोड्याची हीच खरी चाल होय. सर्वसाधारण घोडा या चालीने ताशी १२ ते १५ किलोमीटर अंतर तोडतो. विरार ते अर्नाळा हे अंतर सुमारे ८ किलोमीटर धरले, तर ताशी १२ किलोमीटरच्या गतीने टांग्याला ४० मिनिटे लागणार, हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल.

परदेशांतील दुडकीचे घोडे

काही देशांनी केवळ दुडकीसाठी घोड्यांच्या जाती तयार केल्या. रशियात अठराव्या शतकात काउंट अलेक्सेई ओर्लोव्ह याने स्मेतान्का नावाच्या अरबी घोड्याचा डॅनिश व डच रक्ताशी संकर घडवून आणला. त्या वंशातील ‘बार्स’ हा घोडा १७८४ मध्ये जन्मला आणि त्याच्यापासून ओर्लोव्ह ही जात नावारूपाला आली. रशियातील लांबच लांब वाटांवर गाडी ओढणारा, दिसण्यात रुबाबदार आणि अंगाने मजबूत असा हा घोडा आहे.

अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. तेथे १८७९ मध्ये असा दंडक ठरला की, एक मैल अंतर दुडकीने २ मिनिटे ३० सेकंदांत तोडणाऱ्या घोड्याची प्रमाणित म्हणून नोंद व्हावी. त्यावरूनच त्या जातीला स्टँडर्डब्रेड हे नाव मिळाले. हा वेग ताशी साडेअडतीस किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीनंतर २०१८ मध्ये ‘होमिसाइड हंटर’ या घोड्याने तेच अंतर १ मिनिट ४८.८ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे ५३ किलोमीटर वेगाने पार केले. या गतीने अर्नाळा विरारपासून नऊ मिनिटांवर येईल!

परंतु येथेच सावध झाले पाहिजे. त्या घोड्यामागे अतिशय हलकी दुचाकी गाडी आणि एकच माणूस होता. धाव मुद्दाम तयार केलेल्या वाटेवर होती आणि एका मैलानंतर ती संपली. आपल्या टांग्याच्या घोड्यामागे उतारू आणि त्यांच्या पाट्या-पिशव्या असत. पायाखाली डांबरी सडक असे, डोक्यावर कोकणातील दमट ऊन असे आणि दिवसातून अनेक खेपा कराव्या लागत. हे दोन वेग एका तागडीत तोलणे न्यायाचे नाही.

आपल्या जाती

भारतीय जातींची तुलना करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मारवाडी, काठियावाडी व कच्छी-सिंधी घोडे ‘रवाल’ चालीसाठी नावाजलेले आहेत. या चालीत स्वार उसळत नाही, त्यामुळे लांबच्या वाटेवर ती सुखाची ठरते. पण ही दुडकी नव्हे. रवाल चालणाऱ्या घोड्याला दुडकीच्या कसोटीवर लावून मागे टाकणे म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा धावण्यात घेण्यासारखे आहे. हिमाचलातील स्पिती व लडाखमधील झंस्कारी तट्टे उंचीने लहान असली, तरी विरळ हवेत व चढणीच्या वाटांवर ओझे वाहण्यासाठीच ती घडली आहेत.

आणि आपले भीमथडी? भीमा नदीच्या खोऱ्यातील या घोड्याचा उल्लेख महाराष्ट्राच्या राज्यगीतात आहे. वसईच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेमुळे मराठ्यांच्या फौजेचे नाव या भूमीशी कायमचे जोडले गेले. त्या फौजेच्या दौडी दख्खनच्या काटक घोड्यांच्या बळावर होत असत. आजही दख्खनचे धनगर बांधव स्थलांतर करताना या घोड्यांच्या पाठीवर आपला संसार लादतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेची स्वतंत्र जात म्हणून मान्यता मात्र भीमथडीला मिळाली ती २०२४ च्या आरंभी.

टांगेवाल्याचे शास्त्र

१९८१ मध्ये होयट व टेलर या अमेरिकन संशोधकांनी तट्टांना फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांना लागणारा प्राणवायू मोजला. त्यांना असे आढळले की, प्रत्येक चालीत एक वेग असा असतो की ज्या वेगाने ठराविक अंतर तोडण्यास सर्वांत कमी शक्ती खर्ची पडते. मोकळे सोडलेले जनावर आपण होऊन त्याच वेगाच्या आसपास राहते. त्याहून हळू अथवा जलद हाकल्यास तेवढ्याच अंतरासाठी अधिक शक्ती लागते.

त्या टांगेवाल्याने प्राणवायू मोजला नव्हता. पण आपला घोडा कोणत्या गतीने संध्याकाळपर्यंत टिकेल, हे त्याला ठाऊक होते. घोडा मंद नव्हता. तो त्याच्या कामाच्या नेमक्या वेगाने चालत होता. म्हणून कोणती जात सर्वांत वेगवान, असे विचारण्यापूर्वी कोणत्या कामासाठी, किती ओझ्यासह आणि किती वेळ, हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत.

आपले कर्तव्य

देशातील घोडे व तट्टांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती ३ लाख ४२ हजारांवर आली. जे घोडे उरले आहेत, त्यांच्यासाठी आपण तीन गोष्टी करू शकतो.

पहिली गोष्ट शिक्षकांसाठी. किनाऱ्यावर किंवा जत्रेत घोडा दिसला, तर मालकाच्या संमतीने सपाट जागी १०० मीटर अंतर आखा आणि त्याच्या नेहमीच्या दुडकीला लागणारा वेळ मोजा. तीस सेकंद लागले, तर वेग ताशी १२ किलोमीटर झाला. घोड्याची उंची, ओझे आणि जमीन यांचीही नोंद मुलांकडून करून घ्या. मात्र घोड्याला चाबूक लावू देऊ नका. मोजायची आहे ती त्याची स्वाभाविक चाल.

दुसरी गोष्ट पंचायतींसाठी. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधीचे १९६५ चे नियम सांगतात की, जनावराला दिवसातून नऊ तासांपेक्षा अधिक काम देऊ नये, पाच तासांपेक्षा अधिक वेळ विश्रांतीवाचून राबवू नये आणि तापमान ३७ अंशांवर गेलेल्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपू नये. गाडीवान व सहा वर्षांखालील मुले सोडून चारच माणसे गाडीत बसवावीत. हे नियम घोडेवाल्यांना समजावून सांगावेत आणि पाण्याची व सावलीची सोय करावी.

तिसरी गोष्ट आपणां सर्वांसाठी. केवळ उंची आणि वेग यांच्या मोहाने देशी घोडीला मिळेल तो परका घोडा दाखविला जातो. अशाने दोन-चार पिढ्यांत काटकपणा हरवतो आणि गेलेली जात परत आणता येत नाही. घोडे पाळणाऱ्यांनी पशुवैद्यकाचा सल्ला घेऊनच पैदास करावी.

वडिलांची ती गाडी चुकली, पण दुसरी खरोखरच मागून आली. आम्ही तिकीट काढून वळून पाहिले, तेव्हा टांगेवाला घोड्यापुढे पाण्याची बादली धरून उभा होता.