तबकडीसाठी जिवावर उदार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गाणं ऐकणं आज फार सोपं झालं आहे. मोबाइलवर बोट टेकवलं की हवं ते गाणं हजर. वाट पाहायला नको आणि शोधाशोधही नको. अशा या दिवसांत जगभरातली असंख्य मुलं जेमतेम तीन मिनिटं वाजणाऱ्या तबकडीसाठी अंधाऱ्या गुहा पालथ्या घालतात, बाण चुकवतात, प्रसंगी मरतात, आणि पुन्हा उठून शोधाला लागतात. हे सगळं अर्थात पडद्यावर. ‘माइनक्राफ्ट’ या खेळात.

ज्यांच्या घरात शाळकरी मूल आहे, त्यांना हे नाव नवं नाही. स्वीडनच्या मार्कस पर्सननं बनवलेला हा खेळ २००९ साली लोकांसमोर आला आणि २०११मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टनं अडीच अब्ज डॉलर मोजून तो घेतला. २०२३पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. या खेळात अमुकच करा असं कोणी सांगत नाही. समोर ठोकळ्यांचं एक अफाट जग असतं. खणा, बांधा, शेती करा, भटका. वाळूच्या ढिगाऱ्यात मुलं खेळतात ना, तसं.

या जगात तबकड्या आहेत. आपण ज्यांना रेकॉर्ड म्हणायचो, त्याच. त्या वाजवायला ज्यूकबॉक्स लागतो आणि तो स्वतः बनवावा लागतो. लाकडाच्या आठ फळ्या आणि मधोमध एक हिरा. गंमत म्हणजे आपल्या रेकॉर्ड प्लेअरच्या चांगल्या सुईच्या टोकालाही हिराच असतो. खेळातला हिरा जमिनीच्या पोटात खोल सापडतो, आणि तो हत्यारात घालायचा की गाणं ऐकण्यात, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. दहा-बारा वर्षांचं पोर हिरा खर्चून ज्यूकबॉक्स बनवतं, तेव्हा त्यानं संगीताची किंमत मोजलेली असते.

आता तबकडी मिळते कशी, ते ऐका. खेळात ‘क्रीपर’ नावाचा एक हिरवा, बिनहाताचा प्राणी आहे. तो चोरपावलांनी मागे येऊन उभा राहतो, फुसफुसतो आणि फुटतो. जवळ जो असेल तोही त्याच्याबरोबर जातो. दुसरा शत्रू म्हणजे धनुष्यबाण घेतलेला हाडांचा सांगाडा. क्रीपरला तुम्ही तलवारीनं मारलं, तर तबकडी मिळत नाही. तो सांगाड्याच्या बाणानंच मरायला हवा. म्हणजे तुम्ही अशा जागी उभं राहायचं, की सांगाडा नेम धरील तुमच्यावर, पण बाण लागेल मध्ये आलेल्या क्रीपरला. काट्यानं काटा काढायचा, आणि तोही स्वतःचा जीव धोक्यात घालून. एवढं जमलं की एक तबकडी खाली पडते. कोणती, ते नशिबावर. अनेकदा आपल्याकडे असलेलीच पुन्हा हाती येते.

आणि मिळाली म्हणजे कायमची आपली झाली, असंही नाही. लाव्हारसात पडली तर जळून जाते. आपण मेलो, तर जवळचं सगळं तिथंच सांडतं, आणि पाच मिनिटांत परत जाऊन उचललं नाही, तर नाहीसं होतं. संगणकातल्या वस्तूच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात, असं आपण धरून चालतो. इथं मात्र मुलांना ती दुर्मीळ वाटते, कारण ती गमावता येते.

पहिल्या दोन तबकड्या २०१०मध्ये आल्या. एकीचं नाव ‘१३’, दुसरीचं ‘कॅट’. पुढे त्या बारा झाल्या. या बाराही डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन तरुणाच्या. ‘सी-४१८’ या नावानं तो ओळखला जातो. १९८९चा त्याचा जन्म, म्हणजे हे काम त्यानं केलं तेव्हा तो विशीच्या आसपासचा होता. खेळाची आवाजाची यंत्रणा तेव्हा फार साधी होती, त्यामुळे थोडक्या सुरांत भागवणं भाग होतं. त्या अडचणीतूनच खेळाचं ते निवांत, विरळ संगीत जन्मलं. सतत ढोल वाजवत राहण्याऐवजी ते बराच वेळ गप्प बसतं आणि मग कधीतरी पियानोचे चार सूर ऐकू येतात. आपल्या गाण्यात दोन स्वरांमधल्या थांबण्याला मोल आहे. ते ज्याला कळतं, त्याला हे संगीत परकं वाटणार नाही.

‘कॅट’ हसरी, हलकीफुलकी आहे. ‘१३’मध्ये चाल अशी नाहीच. खोल गुहेत घुमणारे आवाज आहेत. सगळ्यात वेगळी ‘११’. ती तुटलेलीच सापडते. लावली तर गाणं वाजत नाही. कोणीतरी धापा टाकत धावतंय, खोकतंय, असे आवाज येतात आणि सव्वा मिनिटाच्या आत सगळं तुटतं. कोण होतं ते? का धावत होतं? खेळ काहीच सांगत नाही. मुलं वर्षानुवर्षं त्यावर वाद घालत आली आहेत. एका पिढीनं रहस्यकथा अशी कानांनी वाचली, असंही म्हणता येईल.

२०२०पासून इतर संगीतकारांच्याही तबकड्या आल्या. लीना रेनची ‘पिगस्टेप’ खेळातल्या पाताळात, पडक्या गढ्यांमधल्या पेट्यांत लपलेली असते. २०२३मध्ये आलेली ॲरन चेरॉफची ‘रेलिक’ मिळवायला पुरातत्त्वज्ञासारखं ब्रशनं हळूहळू खडी झाडावी लागते. पण माझ्या मते सगळ्यात सुंदर कल्पना २०२२मधल्या ‘५’ या तबकडीची आहे. सॅम्युअल ओबर्गच्या या तबकडीचे नऊ तुकडे गोळा करून जोडायचे असतात. ते सापडतात जमिनीखालच्या एका उजाड नगरात. तिथला पहारेकरी आंधळा आहे, पण पावलांची थरथरही त्याला जाणवते. म्हणजे गाणं मिळवायचं, तर आवाज न करता जायचं! ऐकण्याआधी गप्प राहायला शिका, हे यापेक्षा चांगलं कोणी शिकवलं असेल, असं वाटत नाही.

आपल्याकडे तबकडीचं युग सुरू झालं, ते १९०२मध्ये. त्या वर्षी गौहर जान यांनी कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलं. १९०८मध्ये त्याच शहरात तबकड्यांचा कारखाना निघाला. जगभरच्या जुन्या तबकड्या ज्या लाखेपासून बनत, ती मोठ्या प्रमाणात भारतातूनच जाई. त्या तबकडीची एक बाजू वाजे सुमारे तीन मिनिटं. खेळातल्या तबकड्याही बऱ्याचशा तेवढ्याच. मुंबईच्या चोरबाजारात धुळीनं माखलेल्या ढिगाऱ्यातून एखादी तबकडी हाती लागल्यावर संग्राहकाचा जो चेहरा होतो, तोच चेहरा गुहेतून परतलेल्या मुलाचा होतो. पदार्थ बदलला, हाव तीच आहे.

आणखी एक. खेळात ज्यूकबॉक्स वाजू लागला, की आसपासच्या सगळ्यांना तो ऐकू येतो. दूर जावं तसा आवाज मंदावतो. जवळ पोपट असतील तर ते नाचतात. मित्र एकत्र खेळत असतील, तर एकाची तबकडी सगळ्यांची होते. कानात बोंडं खुपसून आपापलं ऐकण्याच्या या काळात, चाळीतल्या एका घरचा रेडिओ सगळ्या मजल्यानं ऐकावा, तशी ही गोष्ट आहे.

‘खेळातलं संगीत ते काय!’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. अमेरिकेचं ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ हे ग्रंथालय दरवर्षी पंचवीस ध्वनिमुद्रणं राष्ट्रीय ठेवा म्हणून जतनासाठी निवडतं. २०२५च्या यादीत रोझेनफेल्डचा या खेळासाठीचा पहिला अल्बम, २०११चा ‘व्हॉल्यूम अल्फा’, आहे. लोकांनी तो प्रत्यक्ष तबकडीच्या रूपातही विकत घेतला आहे. पडद्यावरची तबकडी अशी फिरून सुईखाली आली.

मुलांनी तासन्‌तास पडद्यासमोर बसावं, असं मी म्हणणार नाही. वेळेचं बंधन हवंच. पण ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, ‘तुझ्याकडे कोणकोणत्या तबकड्या आहेत? त्यातली आवडती लाव बघू.’ ती कुठे सापडली, कितीदा मेलो, कोणी मदत केली, हे सगळं तुम्हाला ऐकायला मिळेल. मग तुमच्या घरी माळ्यावर एखादी जुनी रेकॉर्ड असेल, तर तीही काढून दाखवा आणि ती कशी मिळाली होती, ते सांगा. दोघांनाही एकमेकांचं म्हणणं लगेच कळेल. जे सहज मिळतं, ते आपण नुसतं वाजू देतो. जे कष्टानं मिळतं, ते आपण ऐकतो. हे आपल्याला ठाऊक होतं, आणि आपल्या मुलांनाही ते ठाऊक आहे.